छोट्या अंगणासाठी सदाहरित आडोसा निवडताना

घराच्या भिंतीला लागून आमचा बाक आहे. तिथून मागचं कुंपण 5 मीटरवर, आणि त्यापलीकडे साधारण तेवढ्याच अंतरावर शेजारच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याची खिडकी. बाकावर बसलं की ती खिडकी थेट समोर येते. आम्हाला तिथे वर्षभर हिरवा राहील असा आडोसा हवा होता, आणि तोही अंगणाची जागा न खाता.

ज्याला विचारावं तो एकच सल्ला द्यायचा, कुंपणाला लागून झाडांची रांग लावा. मला आधी एवढंच शोधायचं होतं की नजर नक्की अडवायची कुठे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून 1.2 मीटरवर असतात आणि त्या खिडकीत उभ्या माणसाचे सुमारे 4.7 मीटरवर. या दोन बिंदूंमध्ये कागदावर सरळ रेघ ओढली. कुंपणापाशी ती रेघ जवळजवळ 3 मीटर उंचीवरून जाते, बाकापासून 2 मीटरवर मात्र फक्त 1.9 मीटरवरून. म्हणजे झाड बाकाजवळ आणलं की उंची मीटरभर कमी लागते. शिवाय कुंपणाची सगळी लांबी झाकायची गरज उरत नाही, तीन झाडांत काम होतं. झाडं बुटकी राहिल्याने ऊनही अडत नाही. मग मी कागदावरचं बाजूला ठेवून प्रत्यक्षात खात्री केली. मी बाकावर बसले आणि मुलाला बांबूची काठी उभी धरून मागेपुढे सरकायला लावलं. आकडे बरोबर होते. ज्याला असा आडोसा करायचा आहे त्याने रोपं बघायला जाण्यापूर्वी हे जरूर करावं, कारण पुढचे सगळे निर्णय याच उंचीवर ठरतात.

नर्सरीत ‘ड्वार्फ’ किंवा ‘कॉम्पॅक्ट’ लिहिलेल्या चिठ्ठीचा अर्थ नीट विचारून घ्यावा. पाइन, सायप्रससारख्या सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत चिठ्ठीवरची उंची बहुधा दहा वर्षांनंतरची असते, आणि झाड त्यानंतरही वाढतच राहतं. अमेरिकन कॉनिफर सोसायटीच्या वर्गवारीत वर्षाला साधारण 2.5 ते 15 सेंटिमीटर वाढणारं झाड ‘ड्वार्फ’, तर 15 ते 30 सेंटिमीटर वाढणारं ‘इंटरमिजिएट’. आडोशासाठी हा दुसरा गट बरा. पहिल्या गटातलं गुडघाभर रोप डोक्याएवढं व्हायला फार वर्षं जातात. उलट टोकाला लेलँड सायप्रस आहे. तो वर्षाला 90 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. लहान अंगणात त्याच्या वाटेला जाऊच नये.

थुजा या सूचिपर्णी झाडाचा ‘स्मॅराग्ड’ हा उभट प्रकार मनात भरला होता. रुंदी मीटरभर, रंग गर्द. पण अरुंद जागेत कधी ना कधी झाड मागे छाटावं लागणारच, आणि थुजाच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडाला नवा फुटवा येत नाही. एकदा पडलेलं भगदाड तसंच राहतं. म्हणून तो सोडला.

कुंती सोडताना मात्र जीव हळहळला. दाट पालवी, सुगंधी पांढरी फुलं, कात्री सोसणारी, सगळं जुळत होतं. पण आमच्याकडे लिंबाचं झाड आहे. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवरही पोसली जाते. ही दोन झाडं शेजारी नकोत.

शेवटी पोडोकार्पस या सूचिपर्णी झाडाचा ‘माकी’ हा प्रकार घेतला. मुळात हे मोठं होणारं झाड, पण माकी उभट आणि सावकाश वाढणारा. अर्धवट सावली त्याला चालते आणि छाटल्यावर जुन्या लाकडातूनही तो फुटतो, जे सूचिपर्णींत फार थोड्यांना जमतं. त्याला फक्त पाण्याचा निचरा चांगला लागतो. सतत ओल राहिली तर मुळं कुजतात. त्याच्या बिया विषारी असतात, त्यामुळे घरात रांगतं मूल किंवा पाळीव कुत्रं असेल तर याचा विचार करावा.

रोपं निवडताना सगळ्यात उंच असतील ती घेतली नाहीत. लहान रोप जमिनीत लवकर रुजतं. पिशवीच्या आतून गोल गोल फिरलेली मुळं असलेली रोपं परत ठेवायला लावली, कारण तो गुंता जमिनीत गेल्यावरही सहसा सुटत नाही. खड्डा मुळांच्या गोळ्यापेक्षा दुप्पट रुंद घेतला, पण खोली गोळ्याएवढीच, म्हणजे खोडाचा बुंधा मातीत गाडला जात नाही. दोन रोपांत 70 सेंटिमीटर अंतर ठेवलं. वर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, तेही खोडाला न टेकवता.

आता बाजूंची हलकी छाटणी चालू आहे, शेंड्याला हात लावलेला नाही. झाड 2 मीटरला पोचलं की शेंडा कापायचा. तळ माथ्यापेक्षा थोडा रुंदच ठेवते, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बसल्यावर नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर फटी पडतात.