दिलीप प्रभावळकर भेटले, मग काय बोललात?

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं एक ठरलेलं आहे. चहा येईपर्यंत पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहायचं, नट-लेखक दिलीप प्रभावळकरांची ‘अनुदिनी’ बाहेर काढायची, पहिलं पान उघडायचं आणि ओरडायचं, ‘‘अगं, सही आहे की! भेटलात तुम्ही त्यांना? मग काय बोललात?’’

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काहीही नाही. चिठ्ठीवरचं नाव त्यांनी वाचलं, पुस्तकावर लिहिलं, सही केली, मी थँक यू म्हटलं, तेवढ्यात मागून हलकंसं कोपर लागलं आणि मी बाजूला झाले. लोकांचा चेहराच पडतो हे ऐकून. पण खरी मजा टेबलापाशी नव्हतीच, ती टेबलापर्यंतच्या रांगेत होती.

पुस्तक प्रदर्शनातली सहीची रांग ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं. स्टॉलवरचा एक मुलगा चौकोनी चिठ्ठ्या वाटत फिरत असतो. चिठ्ठीवर नाव सुवाच्य लिहायचं, ती पुस्तकाच्या पहिल्या पानात अशी खोचायची की अर्धी बाहेर दिसेल. म्हणजे लेखकाला पान शोधावं लागत नाही आणि ‘ऋजुता’ की ‘रुजुता’ हे विचारावं लागत नाही. कोणी एका चिठ्ठीवर घरातली पाच नावं लिहितं, मग त्या मुलाची आणि त्यांची हुज्जत. एका काकांनी तर ‘श्री. व सौ.’ पासून सुरुवात करून आडनावापर्यंत येताना चिठ्ठी उलटी केली होती. पुस्तक विकत न घेता नुसती वही पुढे करणारेही असतात. त्यांच्याकडे स्टॉलवाला ज्या नजरेने बघतो ती नजर मराठी प्रकाशन व्यवसायाबद्दल बरंच काही सांगून जाते.

तर त्या रांगेत माझ्या लक्षात आलं की आपण सगळे एकाच माणसासाठी उभे नाही आहोत.

माझ्या पुढचे आजोबा चिमणरावांना भेटायला आले होते. सत्तरच्या दशकातलं मुंबई दूरदर्शन, कृष्णधवल पडदा, चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग. चिं. वि. जोशींचे चिमणराव म्हणजे प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे, हे समीकरण त्या पिढीच्या डोक्यातून आजही निघालेलं नाही. आजोबा हे सगळं मला सांगत नव्हते, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगत होते. मागच्या ताई म्हणाल्या, ‘‘मला तर बाई ‘चौकट राजा’तला नंदू आठवला की अजून रडू येतं.’’ त्यांच्याबरोबरच्या पोराला नंदू माहीतच नव्हता. त्याचा तात्या विंचू. ‘चौकट राजा’ 1991 चा, ‘झपाटलेला’ 1993 चा. दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने एकाला रडवलं आणि दुसऱ्याची झोप उडवली. कोणीतरी गांधीजी म्हणालं. ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या त्या गांधीजींनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. एक चिमुरडी ‘बोक्या सातबंडे’ छातीशी धरून होती. तिला यातलं कोणीच ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीने टेबलापाशी बसलेले आजोबा म्हणजे बोक्याची गोष्ट लिहिणारे, बस. माझ्या मते अख्ख्या रांगेत सगळ्यात बरोबर पत्त्यावर आलेली तीच.

कारण आम्ही बाकीचे सगळे नटाला भेटायला आलो होतो आणि हातात लेखकाचं पुस्तक घेऊन उभे होतो.

मी स्वतः आबांसाठी, म्हणजे त्यांनी साकारलेल्या टिपरे आजोबांसाठी गेले होते, हे लपवत नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 ते 2005 या काळात अल्फा मराठीवर लागायची, म्हणजे आजच्या झी मराठीवर. केदार शिंदेंचं दिग्दर्शन, मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. त्या घरात खलनायिका नव्हती. कोणी कुणाच्या दुधात काही कालवत नव्हतं आणि कुणाच्याही चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटत नव्हता. जेवताना कुरकुर, पोरांचे उद्योग, आबांचा खोडसाळपणा, एवढ्यावर मालिका चालली आणि लोकांना हवीहवीशी असतानाच संपली. ही शेवटची गोष्ट आजच्या वाहिन्यांनी जमल्यास शिकावी.

पण टिपरे आधी कागदावर होते. ‘लोकसत्ता’त प्रभावळकरांचं ‘अनुदिनी’ हे सदर यायचं, टिपऱ्यांच्या घरातल्या डायऱ्यांचं. आमचे बाबा ते कापून ऑफिसच्या जुन्या डायरीत चिकटवायचे. खळीने चिकटवल्यामुळे पानं फुगून ती डायरी मिटायचीच नाही, वर इस्त्री ठेवावी लागायची. पुढे पुस्तक आलं तेव्हा बाबांनी तेही घेतलं आणि कात्रणंही टाकली नाहीत. सहीसाठी मी नेलं ते हेच पुस्तक, मलपृष्ठाला सेलोटेप लावलेलं. स्टॉलवरच्या मुलाने एकदा माझ्याकडे आणि एकदा नव्या कोऱ्या प्रतींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मी मुकाट्याने एक ‘गुगली’ विकत घेतली आणि प्रश्न मिटला.

विचारायला प्रश्न होता माझ्याकडे. पन्नाशीतल्या माणसाला शिऱ्याची भाषा कशी सुचते? कॉलेजातल्या पोराचा आळशीपणा, आबांचा मिस्कीलपणा आणि सुनेची चिडचिड एकाच पेनातून कशी उतरते? रांग हळूहळू सरकत होती, वेळ भरपूर होता, आणि पुस्तक चाळता चाळता उत्तर मिळालं. हा माणूस लिहितानाही भूमिकाच करतो. ‘हसवाफसवी’मध्ये एका नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या, आणि ते नाटकही त्यांचंच. ‘अनुदिनी’ डायऱ्यांची, ‘पत्रापत्री’ पत्रांची. आधी बोलणारा ठरतो, मग त्याचा सूर, मग मजकूर. असं असल्यावर त्यांना टेबलापाशी उभं राहून काय विचारणार, आणि मागचे तीस जण ते का ऐकून घेणार?

एक गोष्ट मात्र समोर गेल्यावरच कळली. टिपरे सुरू झाली तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते, त्यांचा जन्म 1944 चा. म्हणजे आबांचं म्हातारपण तेव्हा मेकअपमधून आणि खांद्यांतून काढलेलं होतं. आता वयाने ते खरोखरच आबांच्या पुढे गेलेत, तरी आबांसारखे अजिबात दिसत नाहीत. मला क्षणभर ओळखच पटेना. चिमणराव शोधणाऱ्या आजोबांचंही तेच झालं असावं, कारण टेबलापाशी पोचल्यावर त्यांचं सगळं बोलणं एकदम बंद झालं. त्यांनी नुसते हात जोडले.

फोटोचं विचारता तुम्ही, तर नाही काढला. मोबाइल पर्सच्या तळाशी होता, दोन्ही हातांत पुस्तकं होती, आणि खरं म्हणजे सेल्फीवाल्यांमुळे रांग अडत होती म्हणून मीच आधी कुरकुर केली होती. मग मी कुठल्या तोंडाने थांबणार?

आता माझी भाची मागे लागली आहे. तिला ‘बोक्या’वर सही हवी आहे, आणि बोक्याचे भाग एकाहून जास्त आहेत. तुमच्यापैकी कुणाला कुठे त्यांचा कार्यक्रम असल्याचं कळलं तर आधी सांगा. चिठ्ठ्या घरूनच लिहून नेईन.