आमची वाटचाल : ९८ टक्क्यांच्या नावावर गेलेलं काम

युरोपच्या सेंटिनेल-२ या पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ साली वर गेला, त्याची चित्रं सगळ्यांना फुकट मिळू लागली, आणि त्याच भरवशावर आम्ही फर्म काढली. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रात एक पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, जमिनीवरचे ३० मीटर व्यापतो; त्यात एखादं नवं बांधकाम हरवून जायचं; इथं १० मीटर हाती आले. दुसरा उपग्रह आल्यावर दर ५ दिवसांनी नवं चित्र. शहराच्या कडेला जमीन कशी बदलते ते मशीनला शिकवायचं, एवढंच काम आम्ही धरलं.

शिकवलं खरं तर काकांनी. भूमापनात आयुष्य काढलेला माणूस, आमचे सुरुवातीपासूनचे भागीदार. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडून जमिनीच्या तुकड्याची एकेक हद्द (पॉलिगॉन) हातानं काढायचे, शंका आली की जीपीएस घेऊन थेट जागेवर. "छप्पर दिसतंय, पण खाली बिऱ्हाड आहे की गोदाम, ते वरून कसं कळणार?" असं ते प्रत्येक नव्या मुलाला विचारतात.

मग एका खात्याचं टेंडर आलं. एका नव्या कंपनीनं ९८ टक्के अचूकता लिहून दिली आणि आमचं सर्वांत मोठं काम गेलं. पगार थकले, सर्व्हर विकायला काढला. त्या आकड्याचा राग अजून जात नाही. शहराचा बहुतेक भाग दोन चित्रांच्या मधल्या काळात बदलतच नाही. १०० पैकी ९७ पिक्सेल जसेच्या तसे असतील, तर 'काहीच बदललं नाही' म्हणणारं मॉडेलही ९७ टक्के बरोबर ठरतं! वर, मॉडेलला ज्या तुकड्यांवर शिकवलं त्यांनाच चिकटलेल्या तुकड्यांवर त्यांनी त्याची चाचणी घेतली. पेपर फुटलेली परीक्षाच ती.

उन्हाळ्यात त्यांच्या नकाशावर उघडी, कोरडी जमीन बांधकाम म्हणून लाल झाली. माती आणि काँक्रीट वर्णपटात जवळजवळ सारखी दिसतात, हे आम्ही आधीच लेखी दिलं होतं. काम आमच्याकडे परत आलं. दिलगिरीचा शब्द मात्र आला नाही.

या धंद्यात उतरणाऱ्यांनो, चाचणीसाठी शहराचा एक अख्खा भाग वेगळा ठेवा. सगळे ऋतू शिकवा, ढगांच्या दिवसांसाठी ढगांआडूनही पाहणारं सेंटिनेल-१ उपग्रहांचं रडार जोडा. आणि मॉडेल शिकवायला लागणारी जीपीयू चिप घेण्याआधी जागेवर जाणारा माणूस नेमा.

त्या खात्याच्या टेंडरमध्ये आजही 'एकूण अचूकता' असा एकच रकाना असतो. बांधकाम, उघडी जमीन अशा जमिनीच्या प्रत्येक वर्गाला स्वतंत्र रकाना द्या, असं पत्र आम्ही दर वेळी जोडतो. यंदाही जोडलंय.