उंची नीट मोजा, मग वजनाचं बोला

‘खात्यापित्या घरचं लेकरू आहे’ असं कौतुक घरी होतं, आणि दवाखान्यात तापासाठी आलेल्या मुलाचं वजन फक्त औषधाचा डोस ठरवण्यापुरतं होतं. डॉक्टरांनो, मुलांमधली स्थूलता अशीच नजरेतून सुटते. काट्यावर उभं केलंच आहे, तर उंचीही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

ते दोन मिनिटांचं कामच नेमकं चुकतं. चपला काढायच्या, डोक्यावर बांधलेला अंबाडा सोडायचा. टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकवायचे, नजर सरळ समोर ठेवायला सांगायची, आणि डोक्यावर आडवी पट्टी दाबून आकडा वाचायचा. 140 सेंटिमीटर उंचीच्या, 45 किलो वजनाच्या मुलाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 23 येतो. हीच उंची 137 लिहिली, तर तो 24 होतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं असल्यामुळे तीन सेंटिमीटरचीही चूक महागात पडते. आलेला आकडा मोठ्यांच्या 25 शी ताडून बघू नका. 5 ते 18 वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत. त्यात मुलगा-मुलगी आणि वय पाहून ठिपका टाकायचा. त्यातल्या रेषांना मोठेपणीच्या बीएमआयवरून ‘23 ची’ आणि ‘27 ची’ म्हणतात, लहान वयात त्यांचे आकडे कमी असतात. 23 ची रेषा ओलांडली की वजन जास्त, 27 ची ओलांडली की स्थूलता. या दोन्ही रेषा वयानुसार वर चढत जातात. शाळेच्या तपासणी कार्डावर उंची-वजन असतं, पण हा ठिपका क्वचितच दिसतो.

रक्तदाबाचंही तसंच आहे. जाड दंडाला लहान कफ (रक्तदाब मोजायचा पट्टा) बांधला, तर रक्तदाब खोटा जास्त दिसतो. कफच्या आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान 40 टक्के हवी. मानेवर मळासारखा काळा, मखमली थर दिसला, तर घासून निघतो का म्हणून आईला रागावू नका. ती बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. स्थूल मूल 10 वर्षांचं झालं, की साखर, चरबी आणि यकृताची तपासणी करायची. रात्री घोरतं का, हे आवर्जून विचारायचं. लंगडत असेल किंवा गुडघा दुखत असेल, तर खुब्याचाही एक्स-रे काढा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक घसरलेलं असतं तेव्हा दुखतो मात्र गुडघा, आणि तिथे उशीर चालत नाही. थायरॉइडबद्दल पालक हमखास विचारतात. नुसत्या खाण्याने वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची थांबलीय, अशा वेळी हार्मोन्स तपासायची.

‘दहा किलो कमी करा’ हे वाढत्या मुलाला सांगणं मला साफ चुकीचं वाटतं. 130 सेंटिमीटर, 38 किलो म्हणजे बीएमआय साडेबावीस. वर्षभर वजन 38 वरच राहिलं आणि उंची 136 झाली, तर तो साडेवीसवर येतो. स्थूलता फार तीव्र नसेल, तर लहान मुलात एवढं पुष्कळ आहे. त्यासाठी छापील डाएट चार्ट हातात देऊ नका, एकच गोष्ट ठरवा. शाळा आणि क्लासच्या मधल्या वेळात मूल काय खातं, ते विचारा. वडापावसोबत 200 मिलीचं कोलाचं पेय असेल, तर त्यात 20 ग्रॅमच्या वर, म्हणजे पाचेक चमचे साखर आहे. आधी ते बंद करा. वडापाव पुढच्या खेपेला बघू. आणि मुलाच्या देखत ‘जाड्या’ हा शब्द कर्मचाऱ्यांच्याही तोंडी येता कामा नये. एकदा लाजलेलं मूल पुन्हा येत नाही.

खरी गळती तिथेच आहे. अमेरिकेतला तज्ज्ञगट अशा मुलांसाठी वर्षभरात किमान 26 तासांचं मार्गदर्शन सुचवतो. आपल्याकडे केसपेपरवर एक ओळ येते. मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांची ओपीडी सकाळची. मुलाची शाळा बुडते, आईचा खाडा होतो, आणि तिसऱ्या खेपेला कोणी येत नाही. परळ-सायनच्या या मोठ्या रुग्णालयांत पाठवायचं ते तपासण्यांसाठी आणि गुंतागुंत असेल तर. महिन्याचं वजन-उंची वस्तीतल्या ‘आपला दवाखाना’ या पालिकेच्या छोट्या दवाखान्यात संध्याकाळी व्हावी, तेच कार्ड, तोच काटा, आणि पुढची तारीख मुलाच्या वहीत लिहून द्यावी.