आत्याच्या फणेरपेटीची नक्कल : फेब्रुवारी ते नोव्हेंबर

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आत्याच्या घरातलं जे जे खाली होतं ते सगळं चिखलात गेलं. त्यात तिच्या सासूबाईंची फणेरपेटी होती. पाणी ओसरल्यावर आत्या ती उचलायला गेली तर हातात पेटी आलीच नाही, फळ्या आल्या. जुन्या सुतारांचा सरस तो, दीड-दोन दिवस पाण्यात राहिल्यावर सुटला. आत्याने सगळे तुकडे धुतले, सावलीत वाळवले, एका जुन्या लुगड्यात बांधले आणि विसरून गेली. यंदा फेब्रुवारीत गेलो तेव्हा गाठोडं माझ्यासमोर ठेवलं. "तुला लाकडाचं वेड आहे ना? बघ काही होतंय का. नाहीतर बंबात घालते."

ज्यांनी फणेरपेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : बंद असताना साधी पेटी. झाकण उघडलं की आतल्या बाजूला आरसा. खाली कुंकवाच्या करंड्यासाठी आणि मेणाच्या डबीसाठी गोल खळगे, कारण कपाळाला आधी मेणाचं बोट लागायचं आणि त्यावर पिंजर. सगळ्यात खाली फण्या, आकडे, गंगावन ठेवायला एक खण. आत्याची पेटी बाहेरून ११ इंच लांब, ८ रुंद, साडेपाच उंच.

गाठोडं सोडलं आणि खरं सांगतो, पुराचे उपकारच वाटले (आत्यासमोर बोललो नाही). जुळलेल्या पेटीचे सांधे बाहेरून फक्त दिसतात. इथे प्रत्येक सांधा सुटा, आतून-बाहेरून, हातात घेऊन बघायला मिळत होता. एकही फळी चिरलेली नाही, एकही शेपटी (कोपऱ्याच्या सांध्यात अडकणारा पंखासारखा दात, इंग्रजीत डव्हटेल) तुटलेली नाही. तेव्हाच ठरवलं, आधी नक्कल करायची, हात बसला की मगच मूळ पेटीला हात लावायचा.

पुण्याला आणून प्रत्येक तुकडा मोजला. वहीतल्या दोन नोंदी इथे जशाच्या तशा देतो, पुढे लागणार आहेत. (नव्या मंडळींसाठी : इंचाचे आठ सूत, आणि घर म्हणजे खण सरकतो ती पोकळी.) "खण : झिजलेला. घरात ढिला, पाव सुताहून जरा कमी." आणि "झाकणाचं पॅनेल : चौकटीत खुळखुळतं. सुकून आक्रसलं असावं. नक्कल करताना सुधारणे."

लाकूड

मोडीच्या लाकडाच्या दुकानात पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागवानी चौकट मिळाली. सहा बाय तीन इंच जाडीचा तुकडा, साडेचार फूट. वखारीत नेला तर त्यांनी पट्ट्याच्या करवतीवर घ्यायला साफ नकार दिला. जुन्या लाकडात खिळे असतात, आणि पातं तुटलं तर भरपाई कोण देणार? बरोबरच आहे त्यांचं. मग हातकरवतीनेच चिरलं. चार-चार सुताच्या पाच फळ्या निघायला चार रविवार गेले. (मिलिमीटरात हिशेब करून बघितला, पण करवत हातात आली की डोकं सुतातच चालतं.)

खिळ्यांसाठी लोहचुंबक फिरवला होता. तरी एक राहिला. डोकं तुटलेला, आत खोल बसलेला, वरून लांबी (पुट्टी) भरलेली. रंध्याला तो बरोबर सापडला. पात्याला पाऊण मिलिमीटरचा खळगा पडला आणि एक अख्खी संध्याकाळ धार काढण्यात गेली. आता एक गोष्ट कळली आहे. लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. तसा डाग दिसला की रंधा खाली ठेवायचा, चुंबक काहीही म्हणो. तो डागाळलेला तुकडा टाकला नाही, खणाच्या मागच्या फळीला वापरला.

सागाबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. त्यात सिलिका असते, त्यामुळे धार बघता बघता मरते. पातं २५ अंशांवर घासून टोकाला ३० अंश दिले, तरी दर वीस-पंचवीस मिनिटांनी दगडावर जावंच लागतं. शिसवावर इतका त्रास होत नाही.

शेपट्या

मे महिना सगळा डव्हटेलमध्ये गेला, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मूळ पेटीच्या प्रत्येक कोपऱ्यात पाच शेपट्या आहेत, पण एकही दुसरीसारखी नाही. उतार मोजला तर साधारण सहास एक, म्हणजे सहा भाग लांबीला एक भाग तिरका. पुस्तकं टणक लाकडाला आठास एक सांगतात. त्या सुताराने पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नाही. शेपटीच्या मुळाशी मारलेली खुणेची रेघ आत-बाहेर तशीच आहे, पॉलिशखाली अजून बोटाला लागते. आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात एका शेपटीशेजारी शिसवाची बारीक काडी ठोकून बसवलेली आहे. रुंदी असेल अर्धा मिलिमीटर. करवत रेघेच्या चुकीच्या बाजूला गेली होती, दुसरं काही नाही. ती काडी सापडली त्या रात्री मी फार आनंदात जेवलो.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना माझा सरावाचा तुकडा दाखवला. आंब्याच्या फळकुटावर कापलेला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, फटीतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही रेघेवरून करवत चालवता. रेघ राहिली पाहिजे. करवत टाकाऊ बाजूनं." एवढंच. मी ते चार ठिकाणी वाचलं होतं, पण फटीतून कोणीतरी आपल्याकडे बघितल्याशिवाय ते डोक्यात जात नाही. त्यानंतर आंब्याचे आणखी तीन तुकडे वाया घालवले आणि मग सागाला हात लावला.

माझ्या चार कोपऱ्यांपैकी दोन चांगले, एक बरा. चौथ्यात शिसवाची काडी आहे. मी तिला परंपरा म्हणतो.

चिकटवताना : साग तेलकट, पांढरा फेविकॉल त्याला नीट धरत नाही. लावायच्या अगदी आधी सांधा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचा, तासभर आधी पुसून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येतं. पितळी स्क्रूबद्दल सगळ्यांना माहीत असेल, तरी लिहितो. सागात ते थेट पिळले की डोकं हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून घालायचा, काढायचा, मग त्या वाटेने पितळी. बिजागऱ्या एक इंची, जुन्या बाजारातल्या. आरसा ३ मिलिमीटरचा, काचवाल्याकडून कापून आणला.

मग "सुधारणा" केल्या. झाकणाचं पॅनेल खाचेत घट्ट बसवलं, वर चारही बाजूंनी फेविकॉल. खुळखुळ बंद. खण असा बसवला की ढकलला की आतली हवा दाबली जाऊन हुश्श करत हळूहळू आत जायचा. बायकोला बोलावून दोनदा दाखवलं.

पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, लिटरला साधारण १२० ग्रॅमच्या हिशेबाने पातळ, सुती फडक्याच्या बोळ्याने. पहिले पाच-सहा हात सुंदर बसले. मग पाऊस आला, तरी मी थांबलो नाही, आणि झाकणावर पांढरट धुकं उमटलं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाखेत अडकतं. नुसत्या स्पिरिटचा ओझरता हात फिरवून थोडं गेलं, सगळं नाही. उरलेलं ऑक्टोबरवर ढकललं.

जुलैत पेटी आणि गाठोडं दोन्ही घेऊन चिपळूणला गेलो. आठ दिवस राहिलो, आठही दिवस धो धो. पाचव्या दिवशी आत्याने शेजारच्या काकूंना नवी पेटी दाखवायला काढली आणि खण ओढला. हलेना. "काय रे, कुलूप घातलंयस का?" मी ओढला. मलाही हलेना. तिसऱ्यांदा ओढताना माझं लक्ष झाकणाकडे गेलं. चौकटीचा पुढचा डावा कोपरा उघडला होता, पोस्टकार्ड सरकेल इतका.

काकू गेल्यावर गाठोडं सोडलं आणि जुन्या पेटीचे तेच दोन तुकडे पुन्हा मोजले. फेब्रुवारीत पुण्यात खुळखुळणारं पॅनेल आता खाचेत अंगाबरोबर बसत होतं, ना सैल ना तंग. खणाच्या बाजू घराच्या मापाला येऊन टेकल्या होत्या, तरी खण सुरळीत सरकला असता. "झिजलेला" नव्हता तो. सुताराने चिपळूणच्या आषाढाचं माप घेऊन ठेवलं होतं, आणि मी ते पुण्याच्या फेब्रुवारीत मोजून त्याची चूक काढत बसलो होतो.

आकडे घरी आल्यावर काढले. ओला साग पूर्ण सुकला तर वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे फळी कशी चिरली यावर निम्म्याहून जास्त फरक पडतो. जुन्या पॅनेलचं टोक पुसून बघितलं तर वलयं फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभी, म्हणजे सगळ्यात कमी हलणारी चीर. एवढं करून वर त्याने पाव सूत मोकळं सोडलं होतं. माझ्या पॅनेलची वलयं आडवी, धनुष्यासारखी. दिसायला झकास, म्हणून तीच फळी मी मुद्दाम झाकणाला निवडली होती. पाच इंच रुंदीच्या त्या पॅनेलला चिपळूणच्या हवेत अर्ध्या सुताच्या आसपास वाढायचं होतं आणि मी चारही बाजूंनी त्याची वाट बंद केली होती.

ऑगस्ट दुरुस्तीत गेला. फेविकॉल सुटेना, शेवटी पॅनेल चौकटीसकट कापून काढलं आणि झाकण नवं केलं. उभ्या वलयांची फळी, खाचेत कोरडी सोडलेली, फक्त दोन्ही टोकांना मधोमध एकेक थेंब, म्हणजे हललीच तर दोन्हीकडे सारखी. खणाच्या बाजू वरून दोन रंधे मारून उतरवल्या. आता पुण्यात खण हुश्श करत नाही, चक्क खडखडतो. बायको म्हणाली, "आधीचाच छान होता."

सरस

ऑक्टोबरच्या उन्हात पॉलिश दोन दिवसांत पुरं झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मग मूळ पेटी.

तिला सरसच वापरायचा हे नक्की होतं. पुन्हा कधी सोडवायची वेळ आली तर गरम पाण्याने सुटेल. सरसाचे दाणे रात्रभर तेवढ्याच वजनाच्या थंड पाण्यात भिजवले, सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवले. तापमापक हवाच, साठ अंशांच्या आसपास ठेवायचं, फार तापला की ताकद जाते. आणि हो, हाडा-कातड्याचा आहे, वास येतो. आमच्या ओट्यावर त्याला परवानगी मिळाली नाही, इंडक्शनची शेगडी गॅलरीत गेली.

सांध्यांतला जुना सरस आणि पुराची माती कोमट पाण्याच्या फडक्याने काढली, दोन दिवस वाळवलं. लावताना घाई करावी लागते, मिनिटभरात सरस धरायला लागतो. पण घाई करायला काही उरलंच नव्हतं. वीसच्या वीस शेपट्या तळहाताच्या दाबाने आपापल्या जागी गेल्या. हातोडी काढली होती, ती तशीच परत ठेवली. पॅनेल कोरडं, खुळखुळतं ठेवलं. आरशाचा पारा निम्मा उडालेला आहे, तो बदलला नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दोन्ही पेट्या चिपळूणला पोचवल्या. आत्याने जुनी उघडली, काही वेळ त्या अर्ध्या आरशात बघत बसली, मग नवीचा खण दोनदा आत-बाहेर करून पाहिला. नवीत आता तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि मोबाइलचा चार्जर आहे. जुनी तिने त्याच लुगड्यात गुंडाळून मला दिली आणि शिडी दाखवली. "माळ्यावर ठेव. अगदी वर, कौलांजवळ."

मेणाच्या डबीचं झाकण मात्र पुरात गेलं ते गेलंच. ते शिसवात कातायचं आहे, आणि माझ्याकडे लेथ नाही.