दिवाणाखालची इगतपुरी

आगगाडीचं मॉडेल कितीही देखणं असू दे, फोटोत ते बहुतेक वेळा खेळणंच दिसतं. दोष मॉडेलचा नसतो, आपल्या उभं राहण्याचा असतो. आपण वरून वाकून फोटो काढतो. खऱ्या गाडीकडे असं कोण बघतं? नाशिक रोडला पंचवटीची वाट बघणारा माणूस इंजिनाकडे मान वर करून बघतो.

माझ्या मेहुण्याने गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली इगतपुरी वसवली आहे. चाकं लावलेली प्लायवूडची फळी, त्यावर स्टेशन, बोगदा आणि दिवाणाला लागणार नाही इतपतच उंच सह्याद्री. पाहुणे गेले की इगतपुरी बाहेर ओढायची. माप १:८७, या मंडळींच्या भाषेत एचओ. साडेपाच फुटी हमाल या मापात जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. साडेपाच फूट हेच आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे तिथेही १९ मिलिमीटर हवेत. पण बाजारात मिळणारे रूळ परदेशी गेजच्या हिशेबाने १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे अगदी समोरून फोटो घेतला की गाडी अरुंद रुळांवर तोल सावरत उभी असल्यासारखी वाटते. जरा तिरकं बसावं, झाकून जातं.

मुख्य म्हणजे लेन्स त्या हमालाच्या डोळ्यांच्या उंचीवर आली पाहिजे. मोठा कॅमेरा तिथे मावत नाही. फोन मात्र उलटा धरला की वरच्या कोपऱ्यातली लेन्स थेट फलाटावर टेकते. “दाजी, फोन उलटा धरलाय,” असं घरातलं प्रत्येक जण येऊन सांगून जातं.

मग उजेड. आकाशात सूर्य एक, खोलीत ट्यूबलाइट दोन, की हमालाला दोन सावल्या. ट्यूब बंद करून एकच दिवा, तोही जमेल तितका लांब ठेवावा. मला तर सावलीच नको असते. दिव्यापुढे पांढरी चादर धरली की पावसाळी, ढगाळ उजेड पडतो, आणि इगतपुरी म्हटल्यावर तोच खरा. कडक उन्हात ती थेट मनमाड दिसते.

फोकसचं दुखणं वेगळं. इतक्या जवळून पुढचा डबा स्पष्ट आला की मागचा धूसर होतो, आणि त्या धूसरपणावरूनच डोळा ओळखतो की हे सगळं वीतभर आहे. फोनचा सेन्सर लहान असल्याने तो इथे मोठ्या कॅमेऱ्याहून बरा. त्यानेही भागलं नाही तर जागा न हलवता फोकस थोडा थोडा मागे नेत फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकात एक जोडायचे. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम टिपली होती. त्यांनी वेळ जोडली, आपण अंतर जोडतो. चिकाटी मात्र तेवढीच लागते आणि माझ्याकडे ती रविवारीच असते.

आणि धूळ! एक मिलिमीटरचा कण फोटोत साडेतीन इंचांचा धोंडा होतो. फलाटावर केस पडला तर दोरखंड. म्हणून आधी मऊ ब्रशने सगळं गाव झाडून घ्यायचं, आणि मग गाडीला मुद्दाम मळवायचं. ब्रेकच्या घासण्याने उडणारा लोखंडाचा तपकिरी भुगा खऱ्या गाड्यांच्या बुडाशी चिकटलेला असतोच. रंगीत खडू किसून त्याची पूड चाकांच्या आसपास फासली की काम होतं. पण हे ऐकूनच मेहुण्याचा चेहरा पडतो. वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, हवं ते करा म्हणतो, इंजिनाला हात लावायचा नाही. किंमत ऐकल्यावर मीही हट्ट सोडला.

आता त्या लखलखीत इंजिनाला मी बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, करतो. कसाऱ्याहून ३७ला १, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट चढाचा घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिनं रेटतातच. मळक्या वाघिणी इगतपुरीत शिरतात, हमाल पुढे होतो, आणि इंजिन अजून बोगद्यातच असतं.