तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्यांवर बोलायचं आणि ग्राहकांसाठी भांडायचं, तर शिकायचं काय?

चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीकडची मुलं-मुली हा प्रश्न वारंवार विचारतात. गाड्यांवर व्हिडिओ करायची हौस आहे, मोबाईलवर चित्रण जमतं, चार लोक बघतातही. पण नुसतं रूप आणि मायलेज सांगून थांबायचं नाही, गाडी घेणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचंय. त्याला काय शिकावं लागतं?

आधी गाडी तपासायला, मग कागद वाचायला. कॅमेरा सगळ्यात शेवटी.

ब्रिटनमधल्या क्वेंटिन विल्सनचा मार्ग बघण्यासारखा आहे. टीव्हीवर येण्याआधी तो जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. 1991च्या सुमारास बीबीसीच्या 'टॉप गिअर' या गाड्यांवरच्या कार्यक्रमात आला तो त्याच जोरावर. कोणती सेकंडहँड गाडी घ्यावी, कोणती टाळावी, हे तो सांगायचा, आणि विकणाऱ्याच्या युक्त्या त्याला आतून माहीत होत्या. पुढे तो 'फिफ्थ गिअर' या तशाच कार्यक्रमात गेला. नंतर इंधनावरच्या कराविरुद्धच्या 'फेअरफ्युएल' मोहिमेचा तो आवाज झाला. 2011 मध्ये लिटरमागे 57.95 पेन्सवर आलेला तो कर पुढची अकरा वर्षं तिथेच राहिला आणि 2022 मध्ये 5 पेन्सने उतरला. श्रेय एकट्याचं नाही, पण दबाव टिकवण्यात त्याचा वाटा मोठा होता. अखेरच्या वर्षांत तो विजेच्या गाड्यांसाठी भांडला. घरी चार्ज केलं तर 5 टक्के व्हॅट, रस्त्यावरच्या चार्जरवर 20 टक्के. म्हणजे ज्याला घरी गाडी लावायला जागा नाही त्यालाच जास्त भुर्दंड. 2025च्या नोव्हेंबरात, वयाच्या 68व्या वर्षी तो गेला. दोन्ही मोहिमांची मागणी एका वाक्यात मावत होती आणि आकडा कुणालाही पडताळता येत होता. माझ्या मते त्याचं बळ तिथे होतं, चेहऱ्यात नव्हतं.

आपल्याकडे सुरुवात सेकंडहँड गाडीपासून करा. नव्या गाडीवर बोलणारे पुष्कळ आहेत, गावात जुनी गाडी घेणाऱ्याला विचारायला कुणी नसतं.

खाऱ्या हवेतली गाडी वरून चकचकीत असते, गंज आतून बाहेर येतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. लाल माती बसून ती बुजतात, पावसाचं पाणी दारातच राहतं आणि पत्रा आतून खातं. त्या कडेवरून बोट फिरवा. रंगाखाली फोड लागले तर आतला पत्रा गेला असं समजा. डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा, खळग्याचा तळ बघा. मग गाडी रॅम्पवर घ्या. सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा, दाराच्या उंबऱ्याखालचा पत्रा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप हातबॅटरीने नीट बघा. वरवरचा तपकिरी थर किनाऱ्यावरच्या गाडीला असणारच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पापुद्रे सुटले तर मात्र ती गाडी सोडा. विक्रीच्या तोंडावर गाडीच्या खालच्या बाजूला मारलेला ताजा काळा लेप (अंडरकोटिंग) दिसला, तर त्याखाली काय आहे हे आधी विचारा. पत्र्यावर भरलेली पुट्टी शोधायला पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पुरतं: डाव्या-उजव्या बाजूची तीच जागा ताडून बघायची. काही गाड्यांचे काही भाग प्लास्टिकचे असतात, तिथे चुंबक बसलं नाही म्हणून पुट्टीचा आरोप करू नका.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळा विषय. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. अशी गाडी धुऊन, आतलं कापड बदलून पुन्हा बाजारात येऊ शकते. तपासायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. नेहमी गुंडाळलेल्या भागावर मळकट आडवी रेषा दिसली तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. पुढच्या सीटखालचे वायरिंगचे जोड (कपलर) बघा. पिनांवर हिरवट खरपूड असेल तर शंका उरत नाही. इंजिन साफ करून लगेच सुरू होतं, पण तांब्याच्या पिना हळूहळू सडतात आणि एअरबॅगचे, एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) दोष काही महिन्यांनी डोकं वर काढतात. म्हणून चावी पहिल्यांदा फिरवताना डॅशबोर्ड बघा. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर दोष दुरुस्त न करता दिवाच बंद केलेला असण्याची शक्यता आहे. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा. दोषाचे कोड नुकतेच पुसले असतील तर त्यात गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात.

कागद थोडक्यात. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, कर्जाचा बोजा उतरलाय का बघा, थकलेली ई-चलनं बघा. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे काम झालं असं नाही. आरटीओच्या नोंदीत नाव बदललं पाहिजे. नोंदीवर ज्याचं नाव तोच मोटार वाहन कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येते. ही गोष्ट विकणाऱ्यालाही सांगा, त्याचंही त्यात नुकसान आहे.

मायलेजवर बोलायचं तर मोजून बोला. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं (ऑटो-कट) की थांबायचं, वरून चिमूटभरही भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. निदान 300 किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलने, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो, तो निकाल म्हणून सांगू नका. किनाऱ्याचा सपाट रस्ता आणि आंबा किंवा कुंभार्ली घाट यांचे आकडे वेगळे द्या. दोन्हींची सरासरी काढली तर ती कुणाच्याच कामाची नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल लोक सतत विचारतात. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालात, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई10साठी (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. तुमचं मोजमाप नीट असेल तरच एवढा बारीक फरक दिसेल.

पंपावर कमी पेट्रोल मिळाल्याची शंका असेल तर 5 लिटरचं प्रमाणित माप मागा, ते पंपावर असावंच लागतं. माप आधी एकदा भरून रिकामं करायला सांगा, कारण कोरड्या भांड्यात थोडं इंधन भिंतींना चिकटून राहतं आणि आकडा उगाच कमी येतो. 5 लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त कमी भरलं तर वैध मापन शास्त्राच्या (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) कार्यालयात लेखी तक्रार करा, पावतीवरची वेळ आणि नोझल क्रमांक घालून.

आता पैशांचं. गाडी कंपनीने दिली असेल, पेट्रोल डीलरने भरलं असेल, तर व्हिडिओच्या सुरुवातीलाच तसं सांगा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 21 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत उत्पादनाची भलामण करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. दाव्याची खातरजमा योग्य काळजीने केल्याचं दाखवता आलं तर त्यातून सुटका आहे. म्हणून मोजमापाची वही जपा. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी, ज्याच्या गाडीत फुकट फिरतो त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ जड होतेच. भाड्याने किंवा ओळखीच्याची गाडी मागून घेणं परवडलं.

दोषाबद्दल बोलताना "कंपनी चोर आहे" म्हणू नका. "या गाडीत, या तारखेला, एवढ्या किलोमीटरवर हे दिसलं" एवढंच म्हणा. दाखवण्याआधी समोरच्याला लेखी विचारा, आठवडाभर द्या, उत्तर आलं तर तेही पूर्ण दाखवा.

तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवायची ती जॉब कार्डची, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना तक्रार नोंदवतात त्या कागदाची. सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार त्याच्या शब्दांत लिहून घ्यायला लावा: "दुसऱ्या गिअरमध्ये चढावर धक्के बसतात, 14,200 किलोमीटर". तिथे "जनरल चेकअप" लिहिलं गेलं की पुरावा गेला. तोच दोष तीन जॉब कार्डांवर तीन तारखांना दिसला, तर केस अर्धी उभी राहते. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी 50 लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. कंपनीचं कार्यालय पुण्यात असो की चेन्नईत, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. "बघतो, बघतो" ऐकण्यात ती निघून जाते. रिक्षावाला, टेम्पोवाला यांना "धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही" म्हणून परतवलं जातं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला गाडी घेतली असेल तर तो कायद्याने ग्राहकच आहे.

आणि एकाच मॉडेलच्या त्याच दोषाच्या तक्रारी जमू लागल्या, तर त्या सुट्या सोडू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 नुसार समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाची परवानगी घेऊन, एक किंवा अधिक ग्राहक तक्रार करू शकतात. सोबत तक्ता जोडा: नोंदणीचं साल, उत्पादनाचा महिना, किलोमीटर, दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख, जॉब कार्ड क्रमांक. सुरक्षिततेचा दोष असेल तर तीच माहिती प्रत्येकाला परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरही नोंदवायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110-ए खाली, विक्रीच्या ठरावीक टक्क्यांइतक्या मालकांनी दोष कळवला तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. टक्केवारी मोजली जाते ती नोंदलेल्या तक्रारींची, तुमच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांची नाही.