अ‍ॅडामिनाबीच्या घरातला सांधा

घर ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडामिनाबी गावातलं, फळ्यांचं, पत्र्याच्या छपराचं. आधीच्या तपासनीसाच्या अहवालात एकच मोठं वाक्य होतं: पाया खचला आहे, घर उचलून सगळे स्टंप, म्हणजे घर ज्यांवर उभं असतं ते मातीत रोवलेले लाकडी खुंट, नवीन घाला. खरेदीदाराला दुसरं मत हवं होतं, म्हणून मला बोलावलं.

मधल्या बोळात दोन मीटरची पाणसळ ठेवली तर एका टोकाला 14 मिलिमीटर फट. पण पाया खचल्यावर घरातली जमीन बहुधा एका कोपऱ्याकडे हळूहळू उतरत जाते. इथे दोन्ही बाजूंच्या खोल्या जवळपास सपाट होत्या, उतार फक्त बोळातच. अ‍ॅडामिनाबीत असं दिसलं की आधी घराचा इतिहास विचारावा, मग पायाचा.

कारण हे गाव मुळात इथलं नाहीच. 1859-60 मध्ये जवळच कियान्ड्राला सोनं सापडलं, त्या वर्दळीच्या आधाराने जुनं गाव वाढलं. आधी नाव सेमूर. व्हिक्टोरियात त्याच नावाचं गाव होतं म्हणून 1886 मध्ये ते बदललं. 17 ऑक्टोबर 1949 ला स्नोई माउंटन्स जलविद्युत योजनेचं उद्घाटन इथेच झालं, आणि त्याच योजनेने गाव बुडवलं. युकंबीनचं 116 मीटर उंच मातीचं धरण 1958 मध्ये पुरं झालं. त्याआधी, 1956-57 मध्ये, शंभरावर इमारती सुमारे नऊ किलोमीटरवर नव्या जागी नेल्या. लाकडी घरं ट्रकवर चढली, चर्चचे दगड-विटा सुट्या करून पुन्हा बांधले. आपल्याकडे उजनीत पळसदेवचं देऊळ जागेवरच राहिलं आणि पाणी उतरलं की दिसतं. इथेही 2007 च्या दुष्काळात जुन्या गावाची जोती वर आली होती, पण घरं कधीच निघून गेली होती.

ट्रकवर न्यायचं घर रुंद असेल तर मधून कापतात. आधी विटांचं धुराडं पाडायचं, कारण ते लाकडासोबत हलत नाही. मग भिंतींना तिरप्या फळ्यांचा आधार, खाली आडव्या तुळया, जॅकने चारही बाजू सारख्या उचलायच्या. एक कोपरा पुढे गेला की चौकटी तिरक्या होतात आणि खिळे सैल पडतात.

फरशीखाली सरपटत गेलो तेव्हा बोळाच्या बरोबर खाली ते सापडलं. दोन जॉइस्ट, म्हणजे फरशीच्या फळ्या पेलणारे वासे, अगदी शेजारी शेजारी, मधे बोटभर फट, आणि त्यांच्याखालची मोठी तुळई, बेअरर, तिथेच कापलेली. जोडाला फक्त एका बाजूने फळी ठोकलेली, तीही खिळ्यांनी, बोल्ट नाही. वर भिंतीवर एक उभी पट्टी होती, सगळे तिला शोभेची समजत होते. घराचे दोन अर्धे नव्या जागी जुळवताना हा जोड कच्चा राहिला होता. त्यात स्वयंपाकघराचं नवं धुराडं स्वतंत्र पायावर बांधलेलं, तो पाया बसत गेला आणि धुराड्याला ठोकलेला जॉइस्ट खाली ओढत राहिला.

तरी स्टंप तपासायचेच. नुसतं वरून टोचा मारून कळत नाही, लाकूड मातीच्या पातळीखाली कुजतं. म्हणून प्रत्येकाभोवती 150 ते 200 मिलिमीटर खणून टोचा मारला. उत्तरेकडचे तीन मऊ निघाले. कुणीतरी फुलांचा वाफा भिंतीला टेकवून हवेच्या जाळ्या बुजवल्या होत्या. बाकीचे घट्ट. वाळवीचे बोगदे नाहीत.

अहवालात लिहिलं: तीन स्टंप बदला, वाफा हटवा, जॉइस्ट धुराड्यापासून सोडवा. बेअररच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून आरपार बोल्ट घाला, पण ते बोळाखालचा खचलेला भाग उचलून झाल्यावर. आधी आवळलं तर वाकडेपणा कायमचा पक्का होतो. उचलणं सावकाश, एका वेळी पाच मिलिमीटर, मग लाकडाला काही दिवस बसू द्या. घाई केली की दारं अडकतात आणि प्लास्टर फुटतं.

मोठा खर्च मात्र भलतीकडेच निघाला. न्हाणीघराच्या भिंतींना जुने फायब्रोचे, म्हणजे सिमेंट आणि तंतूंचे, पत्रे दिसत होते, म्हणजे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस. नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं आणि निकाल येईपर्यंत तिथे ड्रिल चालवू नका असं बजावलं. निकाल तसाच आला. दहा चौरस मीटरपेक्षा जास्त असलं की ते काढायला परवानाधारक माणूस लागतो, आणि खरेदीदाराने भाव पाडून मागितला तो त्याच्यासाठी. सांध्यासाठी मागितला असता तर मीच अडवलं असतं.